कावळा क्रमांक एक्केचाळीस

"अठरा वर्षांत माझ्या पिसांना बोट लावायची कुणाची छाती झाली नाही!"

नव्या माणसाला पिसेकाका हे पहिल्याच दिवशी ऐकवत. प्रदूषण तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेसाठी ते दरवर्षी चाळीस रानकावळ्यांची गळलेली पिसं गोळा करत, धूत, निवडत आणि यंत्राकडे पाठवत. हवेत शिसं किती वाढलं, ते कावळा पिसात लिहून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. अठरा वर्षांचा तो आलेख म्हणजे त्यांचं पोटचं पोरच!

गेल्या वर्षी पोरानं उडी मारली. शिसं एकदम नऊपट!

"बॅटरीचा कारखाना!" काका गरजले. "शुक्रवारच्या बैठकीत बिंगच फोडतो!"

"पण काका," यंत्रवाल्या बाई म्हणाल्या, "कारखान्याजवळच्या कावळ्यांत कमी आहे. डोंगरावरच्यांत जास्त."

डोंगरावर तर साधी सायकलही जात नाही! काकांचे डोळे बारीक झाले. म्हणजे घरभेदी आहे कुणीतरी! बैठकीत आपलं नाक कापलं जावं म्हणून नमुने बाटवतोय!

तेव्हापासून त्यांना जो तो चोर दिसू लागला. रखवालदार खिडकीला रंग देत होता, त्याचा डबा जप्त झाला. बाईंना कानातली काढून ठेवावी लागली. साहेबांनी सहज "काय काका, कसं काय?" विचारलं, तर उत्तर आलं, "तुम्हाला कशाला चौकशी?" स्वतः काका मात्र पिसांपाशी ठाण मांडून बसत. डोकं खाजवत विचार करत आणि पुन्हा पिसं चाळत. हातमोजे घातल्याशिवाय पिसाला हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा.

बुधवारी त्यांनी फर्मान काढलं. प्रत्येकानं चार केस द्यायचे. ज्याच्या केसात शिसं, तो चोर. निकाल सूचनाफलकावर, नावानिशी!

"नावानिशी कशाला?" साहेब कुरकुरले.

"कर नाही त्याला डर कशाला? पहिले माझे घ्या!"

आणि काकांनी आपल्या काळ्याभोर डोक्यावरचे चार केस तिथल्या तिथे उपटून दिले. पंचावन्नाव्या वर्षी एक पांढरा केस नाही, हा त्यांचा दुसरा अभिमान.

गुरुवारी दुपारी बाई कागद घेऊन आल्या आणि दार लावून घेतलं.

"सापडला?"

"सापडला."

"रखवालदार ना? मला वाटलंच होतं!"

"काका, तुम्ही डोक्याला काय लावता हो?"

काकांचा हात सवयीनं डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. हातात मोजा होता. डोंगरावरची पिसं झिजलेली, ती निवडताना त्यांना सगळ्यांत जास्त डोकं खाजवावं लागलं होतं.

त्यांनी घाईघाईनं घरी फोन लावला. "अगं, ती माझी कलपाची नवी बाटली... जानेवारीत आणलेली..."

"त्यात शिसं आहे," बायको म्हणाली. "बारीक अक्षरात लिहिलंय. मी तेव्हाच वाचून दाखवलं होतं. तर म्हणालात, विज्ञानातलं मला शिकवू नकोस!"

काकांनी फोन ठेवला. अठरा वर्षांचं पोर, आणि त्याला आपल्याच हातानं बिघडवलं! त्यांचे डोळे भरून आले.

"रडू नका," बाई म्हणाल्या. "निम्मी पिसं अजून बंद पाकिटांत आहेत. ती मी निवडते. तुम्ही तेवढे लांब बसा."

"आणि सूचनाफलक?"

"नियम तुमचाच आहे, काका."

शुक्रवारी आलेख बचावला. काका मात्र फलकावर आठवडाभर लटकले, आणि रखवालदारानं रंगाचा डबा परत मागून घेतला.

आता दरवर्षी पिसांबरोबर एक जादा पाकीट यंत्राकडे जातं: काकांचे चार केस. यंदाच्या नोंदवहीत 'रंग' या रकान्यात चाळीस वेळा 'काळा' लिहिलंय. एक्केचाळिसाव्या ओळीत काकांना स्वतःच्या अक्षरात लिहावं लागलं: 'पांढरा. गेल्या वर्षी काळा होता.'