गोंदणारा शालिक

शालिक माणसाला टोचण्यापूर्वी भोपळ्याला टोचतो. कोणतीही नवी नक्षी आधी दुधी भोपळ्यावर उतरते आणि तो भोपळा आठ दिवस दुकानातल्या खुंटीला लटकतो. आठ दिवसांनीही शालिकला ती पाहवली, तरच ती माणसाच्या वाट्याला येते. न पाहवलेल्या नक्षीची भाजी होते. एकदा डबा माझ्याकडेही आला. “साल जाड काढली सर. मोर पुरा गेला,” असे त्याने आश्वासन दिले. मी जेवलो नाही.

सावली गावात त्याचे टॅटूचे दुकान तळमजल्यावर आहे. वर मी राहतो. तीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली. शालिक माझा विद्यार्थी. कागद सोडून तो बाकावर, गुडघ्यावर आणि पुढच्या मुलाच्या मानेवर चित्रे काढी, म्हणून मी त्याला वर्षभर वर्गाबाहेर बसवले होते. आता थेट घुग्घुसहून तरुण मोटारसायकलींवर त्याच्याकडे येतात. माझ्याकडे सिलिंडरवाला येतो.

आलेले गिऱ्हाईक परतवणे हा त्याचा छंद आहे. जिन्यात सारे ऐकू येते.

“पूजा लिहून द्या ना भाऊ. बाहेर गाडीवर बसून आहे थे.”

“लगन झालं काय?”

“होऊन राह्यलं.”

“कवा?”

“घरी सांगाचं आहे अजून.”

“मंग मोर काढ. मोर कोन्त्याबी बायकोसंग चालते. इथी खोडरबर नाई बाप्पा.”

खोडरबराशिवाय चित्राला बसू नये, असे मी वर्गात सांगत असे. शाळेच्या भिंतीवर मी काढलेले वाघ नव्या मुख्याध्यापकांनी चुन्याखाली घातले. शालिकची रेघ मात्र माणूस चितेपर्यंत नेतो. हे मला सोसत नाही, एवढेच नमूद करतो.

पुढे जंगलातल्या गोष्टींच्या एका पुस्तकाला चित्रकार हवा होता. मी नमुने पाठवले. संपादकांनी माझ्या अस्वलाला ‘सुबक’ म्हटले आणि काम शालिकला दिले. मीही उमेदवार होतो, हे त्याला ठाऊक नव्हते. तो पेढे घेऊन आला, पाया पडला. पेढा मी घेतला. तोंडात बराच वेळ फिरत राहिला.

बाजाराच्या दिवशी तो दुकानाला कुलूप लावून म्हाताऱ्या बायकांच्या मागे फिरतो.

“आजी, हात दाखवा.”

“भविष्य सांगतं काय रे पोट्ट्या? माह्यं सारं होऊन गेलं आता.”

त्यांच्या हातांवरचे जुने, विटलेले गोंदण तो वहीत उतरवून घेतो. ही नक्षीची चोरी आहे, असे माझे मत होते. एका दुपारी तो पाणी भरायला गेला असता मी दुकानात बसून ती वही उघडली. चूक सापडावी, ही इच्छा होती. पानोपानी बाईचे नाव, गाव आणि खाली नक्षी. ठिपका न ठिपका जागेवर होता. रेघ कुठेही डळमळलेली नव्हती. शेवटच्या पानावर ‘माय’ असे लिहिले होते. खाली मनगटाजवळ पाच ठिपके, एक वळलेली रेघ. बाकी हात कोरा.

शालिक दारात उभा होता. मी वही मिटली नाही.

“हे पुरे का केले नाहीस?”

“आठवत नाई सर. फोटो एकच आहे, त्यात हात पदराखाली. तिले जिनं टोचलं, तिनं आनखीन कोनाले तं टोचलं असन. म्हनून साऱ्यांचे हात पाहून राह्यलो.”

मी उठलो. त्याने वाट दिली नाही.

“तुमाले कवाचा इचारीन म्हनतो. हिंमत नोती होत.”

त्याची आई आमच्या शाळेत खिचडी शिजवी. मधल्या सुटीत मला चहाही तीच आणून देई.

“नऊ वर्स तिनं तुमच्या हातात कप देल्ला सर. तुमचा डोळा चितरकाराचा. काय होतं तिच्या हातावर?”

मी डोळे मिटले. कप आठवला. काठाला निळी रेघ, कानाचा टवका उडालेला, तळाशी चहाचे तांबूस वर्तुळ. तो कप मी आजही हुबेहूब काढून देईन. कप धरणारा हात मी एकदाही पाहिला नव्हता.

डोळे उघडले, तेव्हा शालिक पेन्सिल माझ्यापुढे धरून उभा होता.