गोकुळदासांच्या नावापुढचा शेरा

गोकुळदासांनी डिचोलीच्या एका कचेरीत बावीस वर्षं इमानेइतबारे कारकुनी केली, आणि साहेबांनी त्यांच्या गोपनीय अहवालात एकच शब्द लिहिला: ‘इर्रेझोल्यूट’. हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती. बढतीची यादी पंधरा दिवसांनी पणजीला जायची होती, आणि यादीत हा शब्द गेला की बढती गेलीच. हरकत असेल तर लेखी द्या, नसेल तर मान्य आहे असं लिहून द्या, म्हणून साहेबांनी बजावलं. आता शिवी दिली तर दिली, पण माणसाला तिचा अर्थ तरी कळायला नको?

गोकुळदास साखळीला शिवदास मास्तरांकडे गेले. निम्म्या तालुक्याचं इंग्रजी या मास्तरांच्या जिवावर चालायचं. मास्तरांनी जाडजूड डिक्शनरी काढली, ज्याचं मन कशावरच ठरत नाही असा माणूस, असा अर्थ सांगितला आणि वापर कळावा म्हणून वाक्यही करून दिलं: असा एक मनुष्य दारात उभा राहिला.

“मागीर?” गोकुळदासांनी विचारलं. “तो भितर गेलो काय परत गेलो?”

“तो थंयच उभो रवता. म्हणूनच तो शब्द,” मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई चहा घेऊन जा म्हणाल्या, तेव्हा गोकुळदास उंबऱ्यावर चांगली पाच मिनिटं उभे होते.

तर शब्द खोटा नव्हता, हीच पंचाईत. हरकत घ्यावी तर खोटं बोलल्यासारखं, मान्य करावं तर बढतीवर पाणी. त्यात राजभाषेचा कायदा नुकताच झालेला. अर्ज मराठीत लिहावा, कोंकणीत लिहावा की साहेबांच्या इंग्रजीत, यातच आठवडा गेला. शेवटी देवालाच विचारू म्हणून ते मुळगावला आपल्या देवळात कौलाला बसले. भटजींनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि उजवी पडली तर हरकत घ्यायची, असं रोखठोक गाऱ्हाणं घातलं. मिनिटभरात उजवी पडली. दुसरा कोणी नमस्कार करून घरी गेला असता. पण पाकळी पडायच्या आधीच गोकुळदासांनी मनातल्या मनात बाजू बदलल्या होत्या, उजवी म्हणजे मान्य. मग देवाने तुमचं ऐकलं की माझं, असं त्यांनी भटजींनाच विचारलं. भटजींनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा कौल लावायला साफ नकार दिला.

घरी येऊन त्यांनी दोन कागद लिहिले, एक हरकतीचा आणि एक मान्यतेचा, आणि ते समोर ठेवून तीन दिवस नुसते बघत बसले. त्यांच्या बायकोने, पद्मावतीबाईंनी, शेवटच्या दिवशी सकाळी दोन्ही कागद एका पाकिटात कोंबले.

“दोनूय दिया,” त्या म्हणाल्या. “सायबाक पगार कित्याक मेळता? तो ठरवतलो.”

साहेबांनी दोन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले आणि गोकुळदासांना समोर उभं केलं. यातला खरा कोणता, एवढंच त्यांनी विचारलं. पंधरा दिवस मास्तर, भटजी आणि बायको यांच्यात भरडून निघालेल्या माणसाचं डोकं फिरलं.

“शेरो खरो आसा, सायब,” टेबलावर हात आपटून गोकुळदास म्हणाले. “तो तसोच आसूं दियात. बढती गेली तरी चलता.”

साहेब गारच झाले. असं ठणकावून बोलणाऱ्याला हा शब्द लावायचा तरी कसा? तो गाळूनच यादी भरायची, म्हणून त्यांनी पेन उघडलं. पण शब्द गाळावा, तर तो खरा आहे असं सांगणारा खोटा पडतो. बरं, लिहावा, तर बढतीवर लाथ मारणाऱ्याला डळमळीत म्हटल्यासारखं होतं. त्यांनी पेन बंद केलं, परत उघडलं, चहा मागवला आणि तो गार होऊ दिला.

चार वाजता टपालाची जीप पणजीला निघाली, तेव्हा गोकुळदासांच्या नावापुढचा रकाना कोराच होता. कोरा रकाना म्हणजे तक्रार नाही, असं वरच्यांनी धरलं आणि गोकुळदास हेडक्लार्क झाले. कारकुनांच्या अहवालांवर पहिला शेरा लिहिण्याचं काम आता त्यांच्याकडे आलं. तेव्हापासून त्या कचेरीत कोणाला वाईट शेरा आलेला नाही. चांगलाही आलेला नाही.