कैफियत वाघाच्या मागल्या पायांची

श्रीवनदेवी समर्थ. बालवाचकहो, अंमळ डोळे मिटावे आणि मनी आणावे, की मुलचेरा तालुक्यातील एक खेडे आहे, धानाची मळणी उरकली आहे, आदितवारची दुपार कलली आहे, आणि कौलारू घराच्या ओसरीत टीव्ही नामे पेटी तख्तनशीन जाहली आहे. त्या पेटीत दोन विदूषक, शहरवासी, दर आदितवारी एक जुना टुकार चित्रपट धरून आणीत आणि त्याची भर दरबारात खोड मोडीत. नायक छातीत गोळी घेऊन तीन कडवी गातो, रबरी नाग चालतो आणि मागे ओढणारी दोरीही चालते, ऐसे मासले दाखवीत, आणि अवघी ओसरी पोट धरून लोळे. चौथीतल्या दिव्यानीस ही मौज फार प्रिय. पण त्याहून प्रिय तिचे आबाजी, खासे मुखरूजी, यांचे गडगडाटी हसणे. ते हसले नाहीत तर तिला तो विनोद कच्चा वाटे.

मग एके आदितवारी आक्रीत वर्तले. चाळीस वर्षांमागील एक चित्रपट दाखल जाहला. त्यात वाघ होता, गोणपाटाचा, पोटात इसम दोन. तो नाल्याकाठी आला आणि पाठ फिरवून, आधी बूड, मग पोट, ऐसा उलट्या पावली पाण्यात बसला. विदूषक टेबल बडवून म्हणाले, की पाहा, वाघ रिव्हर्स गियरमध्ये! मागल्या पायांतला गडी झोपेत होता काय? दिव्यानी सर्वांहून मोठ्याने हसली, आणि आबाजी उठले, आणि त्यांनी वायर उपटिली, आणि हुकूम सोडिला, की आजपासून पेटी बंद; जो हात लावील त्याची गय नाही. मग खासी स्वारी पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

दिव्यानी आजीकडे धावली. गुणाबाई सुपात तांदूळ पाखडीत होती, ती मान वर न करिता बोलली, "मांगचे पाय तुहे आबाजीच होते न गं. सिनेमावाले अहेरीच्या जंगलात आले होते तवा. तुले मालूम नाई काय?"

ऐकताच दिव्यानीस आपण कोणास हसलो हे उमगले, आणि आबाजी पुन्हा हसतील की नाही, ही चिंता लागली. तिने प्रथम धाकटा भाऊ पियुष यास वकील नेमून गुळाचा चहा रवाना केला. चहा स्वीकारला गेला, वकील हाकलला गेला. मग भाजल्या शेंगांची रसद पाठविली. टरफले परत आली, उत्तर आले नाही. पुरते तीन दिवस वेढा चालला. चौथ्या दिवशी तिने मसलत सोडिली आणि एकटीच पडवीवर चालून गेली.

"आबाजी, मी हासली, माह्यं चुकलं. पण तुमी उलटे काऊन बसले?"

आबाजी उठून बसले. "वाघ तसाच बसते, पोरी. तेंदूपत्ता तोडाले गेलो होतो तवा या नजरेनं पाह्यलं. आंधी मांगचं आंग पाण्यात, तोंड बाहेर, नजर वाटंवर. डायरेक्टर म्हने, तोंडानं घुस. मी म्हटलं, नाई घुसत. वाघ का म्हैस आहे?"

"मंग त्या अख्ख्या पिच्चरमंदी खरं तेवढंच होतं! आन त्यायनं त्यालेच हासलं!"

"हासू दे. त्यायनं कुठी वाघ पाह्यला."

इतक्यात गुणाबाईने मागून तोफ डागिली, "वाघ खरा बसला, बरोबर. पण शेपूट? ते तं नाल्यात वाहून गेलं, आन हे बुढे त्याच्या मांगं अर्धा वाघ घेऊन धावले! पुढचे पाय काठावरच, रडून राह्यले!"

आबाजींनी तोंड आवळले, मिशी थरथरली, डोळ्यांतून पाणी आले, आणि मग जो गडगडाट जाहला त्याने पडवीतल्या कोंबड्या उडाल्या. मग स्वहस्ते वायर जोडिली आणि तह ठरला, की नायकास हसावे, नागास हसावे, शेपटासही हसावे. वाघाच्या बसण्यास मात्र हसू नये.

येणेप्रमाणे पुढील आदितवारी पेटी पुनश्च तख्ती बसली, आबाजी सर्वांआधी हसले, मोहीम फत्ते जाहली, हे येथे नमूद केले असे.

दुसरे दिवशी दिव्यानी दोन गोणपाटे घेऊन पियुषासह नाल्यावर गेली. वाघाचे तोंड आणि पुढचे पाय तिने न मागता त्यास देऊन टाकिले. मागले पाय आपणाकडे ठेविले, आणि पाण्याकडे पाठ फिरवून हळूहळू बसू लागली.