हिलालआप्पांचा कॅरियर फोन

हिलालआप्पा समोरच्या माणसाशीही फोनवर बोलल्यासारखं बोलतात. म्हणजे ओरडून, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून. एकदा शेजारी मयत झाली. सांत्वनाला गेलेले आप्पा दारातूनच गरजले, "गह्यरं वाईट झायं!" आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. आतलं रडणं दचकून थांबलं.

दोष त्यांचा नाही. लोणखेड्याजवळच्या आमच्या वीज उपकेंद्रात ते जन्मभर ऑपरेटर. तिथला कॅरियर फोन म्हणजे विजेच्या तारेवरूनच आवाज धाडणारं जुनं यंत्र. त्यात कायम घूंऽऽ चालू. त्यातून धडगावच्या उपकेंद्रातल्या खेमा पावराशी आकड्यांची देवाणघेवाण करायची, म्हणजे घसा हवाच.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यावर आप्पा क्वार्टरवर जेवेनासे झाले. दुपारी फोनजवळ डबा उघडायचे आणि रिसीव्हर काढून शेजारी ठेवायचे. तिकडे खेमाचंही तेच. दोघं चकार शब्द न काढता जेवायचे. "बोलनं काय? घूं चालू शे म्हंजे तो बठेल शे." मोबाईलवर बोला म्हटलं तर म्हणत, "त्यामा गप बठा का लोके हॅलो हॅलो करतस!"

मग कॅरियर फोनच्या जागी फायबर आलं. नवं जाळं उपकेंद्राचा इंजिनियर म्हणून मीच बसवून घेतलं, मोठ्या हौसेनं. आप्पांना समजावलं, की आता आवाजाचे तुकडे होतात आणि एकेका पाकिटात बसून जातात.

"मन्हं बोलनं तोडी तोडी धाडतस? मंग जोडस कोन?"

मी हसलो. आवाज मात्र खणखणीत यायचा.

पहिल्याच दुपारी आप्पा माझ्या टेबलाशी हजर. "साहेब, हाऊ फोन मरेल शे."

फोन ठणठणीत होता. पण कुणी बोललं नाही, तर हे यंत्र पाकीटच धाडत नाही, मग घूं कुठून येणार. शांतता फुकट कशाला वाहायची! हे सांगितलं तेव्हा आप्पांचा चेहरा असा उतरला, की मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवताना अवाक्षर न काढणारा हा माणूस घासागणिक ओरडू लागला. "भाकर!... मिरची!... आते पानी!" तिकडून खेमा, "दाळ!" सगळं उपकेंद्र हसायचं. मीही.

पण नव्या जाळ्यावरून धडगावचे आकडे आपोआप यायला लागले, तसं तिथं माणूस ठेवायचं कारण उरलं नाही. खेमाची बदली नवापूरकडे झाली, तीही लाईनवर. फिरतीचं काम. दुपारी तो कुठल्या खांबावर असेल, सांगता येत नाही.

आता आप्पा एकटेच जेवतात. परवा मी माझा डबा घेऊन त्यांच्यासमोर बसलो. काय बोलावं सुचेना. दोनचार घास तसेच गेले. फार अवघडल्यासारखं झालं, म्हणून पाण्याचं निमित्त करून उठायला लागलो. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"उठू नका, साहेब. बोलानं काम नई. नुसता बठा."