समुद्रराज्याचा खुलासा

बावीस वर्षं मी बातमीदारी केली आणि एकदाही खुलासा लिहिला नाही. (संपादकांनी काही छापले. तो त्यांचा भित्रेपणा.) शेवटी माझ्याकडून तो लिहून घेतला तळमजल्यावरच्या जैनबबींनी. त्यांचं वय सत्तर, शिक्षण चौथी.

सुरुवात अगदी साधी होती. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये टेबलावर श्रुतीची फाईल उघडी पडली होती आणि मी ती चाळायचं ठरवलं. श्रुती आमची मुलगी, एफवायला. तिची मैत्रीण अलिशा म्हणजे जैनबबींची नात. कॉलेजच्या स्पर्धेसाठी दोघी एक खेळ तयार करत होत्या. एकीनं काल्पनिक राज्य सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन फासे टाकत फिरायचं. मजकूर श्रुतीचा, नकाशे आणि चित्रं अलिशाची. ९४ साली असले खेळ परदेशातून आलेल्या एखाद्या भाच्याकडेच असायचे, म्हणून दोघींना बक्षिसाची खात्री होती.

फाईलमध्ये बर्फाचे डोंगर होते, दगडी मनोरे होते आणि आग ओकणारा एक प्राणी होता. मी संतापलो. नेरूळमध्ये बर्फ फक्त मासळीवाल्यांकडे असतो. मी श्रुतीला सुनावलं की दारात खाडी आहे, खाली म्हसळ्याचं कोकणी मुसलमान कुटुंब आहे, त्यांच्यावरून एखादी जमात रचायची सोडून हा उसना बर्फ कशाला?

"बाबा, मुद्दा बरोबर आहे," श्रुती म्हणाली. "आम्ही दादीला विचारतो."

तिथेच थांबायला हवं होतं. पण विचारून लिहितात ते कारकून. पत्रकार निरीक्षण करतो. सात वर्षांपूर्वी, इथे राहायला आलो तेव्हा, कासिमभाईंनी ईदला जेवायला बोलावलं होतं. (कासिमभाई जैनबबींचा मुलगा. कळंबोलीला लोखंडाचा व्यापार.) त्या एका जेवणाच्या बळावर मी एका बैठकीत चार पानं लिहिली. 'समुद्रराज्याचे लोक', त्यांच्या तीन प्रथा. एक, कुलमाता पातेल्याच्या झाकणावर डावाने तीनदा ठोकून बुडालेल्या पूर्वजांना हाक मारते, मगच झाकण उघडतं. दोन, पाहुण्याला दाराजवळची खुर्ची कधीच देत नाहीत, ती समुद्रातून परतणाऱ्यासाठी राखलेली असते. तीन, पुरुष जेवताना मौन पाळतात.

श्रुतीनं विचारलं, खात्री केलीत का? मी म्हटलं, डोळ्यांनी पाहिलंय. बापाचा शब्द म्हणून तिनं पानं फाईलला लावली.

दुसऱ्या दिवशी अलिशानं ती आपल्या घरात मोठ्यानं वाचून दाखवली आणि संध्याकाळी आपले सगळे नकाशे उचलून घेऊन गेली. स्पर्धा सोमवारी होती. नकाशांशिवाय खेळ म्हणजे नुसती फाईल. श्रुती रडली नाही, माझ्याकडे पाहत राहिली. ते जास्त वाईट होतं. शेवटी सुचित्रानं (ही माझी बायको) मला चपला आणून दिल्या आणि खाली जाऊन या म्हणाली.

जैनबबी पलंगावर सुपारी कातरत बसल्या होत्या. कासिमभाई आणि अलिशाही तिथेच होते. राग दिसत नव्हता. मी व्यासंग, लोकसंस्कृती वगैरे सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पत्रकारभाई, ते झाकन चेपलेलं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नातलं पातेलं ते. ठोकल्याबिगर निघत नाय."

मी खुर्चीचं विचारलं. तिचा एक पाय मोडका होता.

"आणि मौन?"

जैनबबींनी कासिमभाईंकडे पाहिलं. कासिमभाईंनी छताकडे पाहिलं. अलिशा म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्हीच बोलत होता. कोणाला चान्सच नाही मिळाला."

मग जैनबबींनी सुपारी खाली ठेवली. "सात वर्षं एका जिन्यात राहता. विचारलं का नाय? आमच्यात सांगन्यासारकं काय कमी हाय काय?"

मी विषय बदलून नकाशे मागितले.

नकाशे परत द्यायला त्यांनी दोन अटी घातल्या. त्या स्वतः सांगतील ते श्रुतीनं लिहायचं आणि त्याच्या वर माझ्या सहीचा खुलासा. दुसरी, राज्यात एक जमात त्यांच्या पसंतीची घालायची. मी कबूल झालो.

रविवारी दुपारभर श्रुती खाली होती. तांदळाची सांदणं वाफवायची रीत, होडीला नाव ठेवायची पद्धत, परदेशी गेलेल्याच्या पत्राची वाट पाहणं, असं बरंच लिहून आणलं. ते माझ्या चार पानांपेक्षा फारच चांगलं होतं. शेवटी 'वार्ताहर जमात' होती. ही जमात दुसऱ्याच्या घरी येऊन पंखा पाचवर करते. शेजाऱ्याचा पेपर त्याच्या आधी वाचते. प्रश्न स्वतः विचारते, उत्तरही स्वतःच देते. बोलायला उभी राहिली की बसत नाही. शस्त्र नाही. शत्रू कंटाळून निघून जातो.

मी आक्षेप घेतला. एकाच सूत्राच्या माहितीवर असं छापता येत नाही.

"दुसरं सूत्र मी आहे," स्वयंपाकघरातून सुचित्रा म्हणाली.

सोमवारी आम्ही सगळे कॉलेजला गेलो. परीक्षक एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी फाईल शांतपणे वाचली आणि समुद्रराज्याला पैकीच्या पैकी दिले. मग कागदावर एक शेरा लिहून तो वाचून दाखवला. वार्ताहर जमात अतिरंजित वाटते, अशी माणसं प्रत्यक्षात नसतात, सबब पाच गुण कमी.

अखेर न्याय झाला. परीक्षकांचे आभार मानायला मी उभा राहिलो. पत्रकारितेची परंपरा, अतिरंजनाचे धोके, सूत्रांची विश्वासार्हता हे मुद्दे मी थोडक्यात मांडले. परीक्षकांनी काही विचारावं म्हणून प्रश्नही मीच सुचवले आणि त्यांची उत्तरं दिली. मध्ये गरम झालं म्हणून पंखा वाढवला. चाळीस मिनिटांनी अलिशानं माझा शर्ट ओढला.

बाईंनी शेरा खोडून पाच गुण परत दिले होते.