निर्दोष गुडघा

बुढापारा मोहल्ल्यातल्या सकाळीला उजाडण्याची घाई नसते. तलावावरून निघालेला उजेड आधी समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर टेकतो, मग विजेच्या तारांवरून ओघळत गल्लीतल्या स्कूटरींवर उतरतो, आणि पार शेवटी, जणू परवानगी विचारून, भार्गवच्या पलंगापाशी पोचतो. त्या दिवशी तो त्याच्या उजव्या गुडघ्यावर पडला होता. गुडघा तेलाने चकाकत होता. त्या बिचाऱ्याला काहीही झालेले नव्हते.

दुखत होते ते जांघेत. चेंडूला लाथ मारताना, एकाएकी वळताना, शिंकतानासुद्धा. आणि तेही गेल्या हिवाळ्यापासून. पण आईसमोर हा शब्द उच्चारण्यापेक्षा भार्गवने मरण पत्करले असते. म्हणून त्याने गुडघा सांगितला, आणि सारे घर गुडघ्याच्या सेवेला लागले. तेल आले, शेक आला, पट्टा आला. पट्ट्यापाठोपाठ, त्याला शोभेल असे लंगडणेही आले.

"काहून रे," कुमुदमावशीने एकदा हटकले, "काल त डाव्या पायानं लंगडून राहिला होता न?"

"हव मावशी. आता... दोन्ही दुखून राहिले."

संध्याकाळी दुसरा पट्टा आला. आणि तरण्या पोराचे दोन्ही गुडघे गेले म्हटल्यावर आईने, म्हणजे इंदूताईंनी, डॉक्टरांची वेळ घेतली.

भार्गवलाही डॉक्टर हवाच होता. क्लबच्या फुटबॉल संघात प्रशिक्षक लोकेशने त्याला राखीव बसवले होते. हे दुखणे नसते तर डाव्या कडेची जागा आपलीच होती, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याला फक्त आई सोबत नको होती. आई आली. मावशीही आली. आणि खेळाडूंवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणजे निघाल्या डॉक्टर गंधाली, तिसरी बाई.

"दोन्ही गुडघे उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "दुखतं कुठे?"

"आई, तू जरा बाहेर जा न."

"काहून? मीच न्हाऊ घातलं न तुले!"

भार्गवने छताकडे पाहत, प्रार्थना पुटपुटावी तसे सांगितले.

"जांघेत? मग गुडघे कशाला आणलेत?"

"अगं बाई!" इंदूताई कळवळल्या. "अन् मी इतके दिवस तेल कुठं लावून राहिली?"

डॉक्टरांनी त्याला निजवून गुडघ्यांच्या मध्ये आपली मूठ धरली. "दाबा." भार्गव असा किंचाळला की बाहेरचा एक रुग्ण आपला नंबर सोडून घरी गेला. मग खोकायला लावले. गाठ कुठेही उठली नाही.

"नेहमीचा हर्निया नाही हा. ओटीपोटाच्या भिंतीचा आतला पदर ढिला झालाय, आणि मांडीचा स्नायू हाडापाशी ओढ घेतोय. आधी व्यायाम. नाहीच भागलं तर शस्त्रक्रिया."

तपासण्यांनी हेच सांगितले. व्यायामाने भागले नाही. शेवटी शस्त्रक्रिया झाली. ढिल्या पदराला आतून जाळीचा आधार मिळाला. मराठी मंडळातल्या बायका भेटीला आल्या, तेव्हा इंदूताईंची भीड पार चेपलेली होती.

"इथं नाही हो," त्या पांघरुणावरून बोट फिरवत समजावीत, "अजून जरासं खाली." भार्गव भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेई.

काही महिन्यांनी तो मैदानावर उभा राहिला.

"दर्द?" लोकेशने विचारले.

"बिल्कुल नहीं, भैया."

"तो लग जा लेफ्ट में."

चेंडू पुढे आला. भार्गव जिवाच्या आकांताने धावला. समोरच्या संघातून, पोट सावरत, पिकल्या मिशांचे हरिदास आले आणि आधी पोचले. पुन्हा चेंडू आला. पुन्हा हरिदासच.

"फिर खिंच रहा है क्या?"

हरवलेली वस्तू शोधावी तसे भार्गवने जांघेत दुखणे शोधले. मोठ्या आशेने शोधले. तिथे काहीच नव्हते.

"नहीं, भैया."

"तो दौड़ न यार!"

"दौड़ ही तो रहा हूँ."

शस्त्रक्रिया पूर्ण यशस्वी झाली होती. भार्गव पहिल्यापासूनच हळू धावत असे.