साडूपेक्षा स्वच्छ आवाज

"भाऊजींच्या रेकॉर्डिंगमध्ये श्वाससुद्धा कसा स्वच्छ ऐकू येतो!" बायको म्हणाली आणि ध्वनिमुद्रकाला चहाचा ठसका लागला.

पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हा त्याचा जुना धंदा. साडूने तोच धंदा नुकता सुरू केला होता, तोही लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटर प्रणालीवर. ध्वनिमुद्रकाच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र अधूनमधून तडतड येई.

"त्यांनाच विचारा ना, कुठलं लिनक्स घेतलंय ते. बरेच प्रकार असतात म्हणे. एक तर खास आवाजाच्या कामासाठीच असतं."

"त्याला विचारू? परवापर्यंत माइक उलटा धरायचा तो!"

त्याने सगळ्यात अवघड लिनक्स शोधून काढलं. 'नवशिक्यांनी लांब राहावं' असं त्याच्याविषयी लिहिलेलं वाचून तो खूश झाला. म्हणजे साडू याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसणार!

कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून त्याने ते टाकलं. आधी पडदाच काळा झाला. पडदा उजळला तर आवाज गेला. आवाज आला तर माइक मुका झाला. तेवढ्यात प्रकाशकाचा फोन.

"कादंबरीचा शेवट कधी देताय?"

"शेवट अगदी जवळ आलाय," तो म्हणाला. कोणाचा, ते सांगितलं नाही.

अखेर मुकाट्याने त्याने आवाजाच्या कामासाठीचं तयार लिनक्स टाकलं. काही वेळातच माइक बोलू लागला. तडतड नावालाही नाही! चाचणीचं रेकॉर्डिंग चालू असतानाच त्याने साडूला फोन लावला, "या हो घरी, गंमत ऐकवतो." फोन ठेवून तो बायकोकडे वळला आणि तोंडाचा पट्टा सोडला. रेकॉर्डिंग बंद करायचं भान कोणाला होतं?

साडू आला. ध्वनिमुद्रकाने ऐटीत स्पीकर मोठा केला आणि तीच फाइल लावली.

"येऊ दे मेल्याला! ऐकून जळून खाक होईल. गळा बेडकाचा आणि म्हणे पुस्तकं वाचतो!"

बायको "चहा टाकते" म्हणून सटकली. ध्वनिमुद्रकाला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"परत लावा," साडू म्हणाला.

"अहो साडूभाऊ, ते आपलं उगाच..."

"लावा म्हणतो ना!"

बेडूक पुन्हा खणखणीत वाजला. साडूचं तोंड एवढंसं झालं.

"एकदाही तडतडलं नाही हो. मी दिवस दिवस माझ्या रेकॉर्डिंगमधली तडतड कापत बसतो. घरात कोणाला सांगितलेलं नाही. कुठलं लिनक्स हे?"

ध्वनिमुद्रकाने त्याच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला साडूविषयी माया दाटून आली.

"खुर्ची ओढा पुढे," तो म्हणाला, "दाखवतो."